शालेय समुपदेशकांची संघटना : नेतृत्व आणि सेवा

दहावीचा निकाल लागला की खेड्यापाड्यांतील शाळांच्या व्हरांड्यात दरवर्षी एक प्रश्न ऐकू येतो. गुणपत्रिकेची घडी हातात धरून बाप शिक्षकांसमोर उभा राहतो आणि विचारतो, "गुरुजी, पोरीला आता कुठं घालावं?"

बिदर जिल्ह्यातील हुलसूर या गावाच्या दृष्टीने हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. पूर्वी बसवकल्याण तालुक्यात असलेले आणि आता स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण झालेले हे गाव महाराष्ट्राच्या सीमेपासून दूर नाही. या परिसरात मराठी, कन्नड आणि उर्दू या तिन्ही भाषा नांदतात. एकीकडे भालकी आणि बिदर, दुसरीकडे बसवकल्याण आणि कलबुर्गी, आणि सीमा ओलांडली की निलंगा, उदगीर व लातूर, अशा अनेक वाटा येथील मुलांपुढे असतात. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलीने कर्नाटकातील पदवीपूर्व महाविद्यालयात जावे, की सीमेपलीकडे अकरावीस प्रवेश घ्यावा? विज्ञान शाखा घ्यावी, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जावे, की तंत्रनिकेतनात? वसतिगृह कोठे मिळेल? शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या राज्याकडे करावयाचा? आणि या सर्वांच्या मागे, सहसा कोणी उघडपणे न विचारलेला एक प्रश्न असतो : शिकवावयाचे, की लग्न करून द्यावयाचे?

गुरुजी उत्तर देतात. ते सद्भावनेने देतात, पण त्यांना जेवढे ठाऊक असते तेवढेच देतात. त्या उत्तरावर एका मुलीच्या आयुष्याची दिशा ठरते. हे उत्तर अधिक जाणतेपणाने, अधिक जबाबदारीने आणि मुलीचे स्वतःचे म्हणणे ऐकून घेऊन दिले जावे, याकरिता शालेय समुपदेशन ही सेवा आहे. ही सेवा करणाऱ्यांना एकाकी पडू न देणे आणि त्यांच्याकडून चुकू न देणे, याकरिता त्यांची संघटना असते. अशा संघटनेत नेतृत्व म्हणजे काय आणि ते सेवेचेच दुसरे नाव का मानावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

समुपदेशक म्हणजे कोण?

समुपदेशक हा उपदेशक नव्हे. उपदेशक सांगतो आणि ऐकणारा ऐकतो. समुपदेशकाकडे मात्र मूल बोलते आणि समुपदेशक ऐकतो. मुलाला स्वतःची आवड, कुवत व परिस्थिती यांची ओळख व्हावी, पुढील वाटांची खरी माहिती मिळावी, आणि निर्णय त्याने व त्याच्या पालकांनी समजून-उमजून घ्यावा, एवढेच समुपदेशकाचे काम होय. निर्णय लादणे हे त्याचे काम नाही.

या कामाचे स्थूलमानाने तीन भाग पडतात. पहिला शैक्षणिक मार्गदर्शनाचा : अभ्यासात मागे का पडतो, विषय कोणते निवडावेत, इत्यादी. दुसरा व्यवसाय मार्गदर्शनाचा : कोणत्या कामासाठी कोणते शिक्षण लागते, ते कोठे मिळते, त्यास खर्च किती येतो. तिसरा वैयक्तिक अडचणींचा : भीती, घरातील कलह, व्यसनी वडील, परीक्षेचा ताण, मनात येणारे निराशेचे विचार. या तिसऱ्या भागाकडे आपल्याकडे फार काळ दुर्लक्ष झाले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार सन २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. हा आकडा वाचून पुढे जाण्यासारखा नाही. त्यातील प्रत्येक मूल कोणत्या ना कोणत्या वर्गात बसत होते आणि कोणा ना कोणा शिक्षकाच्या नजरेसमोर होते.

थोडा पूर्वेतिहास

मार्गदर्शनाची ही कल्पना संस्थेच्या रूपाने प्रथम अमेरिकेत पुढे आली. फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली बोस्टन शहरात व्यवसाय मार्गदर्शन केंद्र सुरू केले. कारखान्यांच्या शहरात काम शोधत येणाऱ्या तरुणांना योग्य वाट दाखवावी, हा त्यांचा हेतू होता. पार्सन्स त्याच वर्षी निवर्तले, परंतु काम थांबले नाही. १९१३ साली या क्षेत्रातील कार्यकर्त्यांनी तेथे आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली आणि १९५२ साली शालेय समुपदेशकांची स्वतंत्र संघटना उभी राहिली. एका माणसाचे काम त्याच्यामागे टिकले, कारण ते सांभाळणारी संघटना निर्माण झाली, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आपल्या देशातही या कामास उशीर झाला असे म्हणता येणार नाही. कलकत्ता विद्यापीठाच्या उपयोजित मानसशास्त्र विभागात १९३८ साली मार्गदर्शनाचे काम सुरू झाले. मुंबईत १९४१ साली बाटलीबॉय व्यवसाय मार्गदर्शन केंद्र निघाले आणि १९४७ साली पारशी पंचायतीने आपले मार्गदर्शन केंद्र सुरू केले. १९५० साली तत्कालीन मुंबई राज्य शासनाने व्यवसाय मार्गदर्शन केंद्र स्थापन केले. त्याचेच रूपांतर पुढे व्यवसाय मार्गदर्शन संस्थेत झाले. १९५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने, म्हणजेच मुदलियार आयोगाने, शाळांतील मार्गदर्शनावर भर दिला आणि १९५४ साली केंद्र शासनाने शैक्षणिक व व्यवसाय मार्गदर्शनाचे मध्यवर्ती केंद्र सुरू केले.

निरनिराळ्या प्रांतांत विखुरलेले हे कार्यकर्ते याच सुमारास दिल्लीतील चर्चासत्रांच्या निमित्ताने एकत्र आले, आणि त्या दशकाच्या मध्यास अखिल भारतीय शैक्षणिक व व्यवसाय मार्गदर्शन संघटना आकारास आली. मुंबईचा माणूस काय करतो हे अलाहाबादच्या माणसास कळावे, एकाने तयार केलेली चाचणी दुसऱ्याने तपासून पाहावी, आणि शासनाकडे सर्वांच्या वतीने एक विचार मांडला जावा, अशी निकड या सर्वांना भासत होती.

पुढे १९६६ साली सादर झालेल्या कोठारी आयोगाच्या अहवालाने आणखी स्पष्ट दिशा दाखवली. मार्गदर्शन हे मोजक्या हुशार किंवा मोजक्या अडचणीतील मुलांसाठी नसून सर्वांसाठी आहे आणि ते प्राथमिक शाळेपासून सुरू व्हावे, असे आयोगाने म्हटले. प्रत्येक शाळेस समुपदेशक देणे लगोलग शक्य नाही हे ओळखून, निदान दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा, अशी व्यवहार्य सूचनाही आयोगाने केली. सूचना होऊन साठ वर्षांच्या घरात काळ लोटला. आपल्या जवळपासच्या दहा शाळांत मिळून असा एक तरी माणूस आहे काय, हे प्रत्येक वाचकाने स्वतःच पाहावे.

अलीकडे या प्रश्नास निराळी निकड आली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समुपदेशक व समाजकार्यकर्ते शाळांशी जोडले जावेत, असे म्हटले आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्याच्या निकालात शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संबंध ठेवावा, असे त्यांत सांगितले आहे. नियम झाला, पदे निघतील. परंतु पद भरले म्हणजे सेवा सुरू झाली असे होत नाही. पदावरील माणूस घडवावा लागतो आणि टिकवावा लागतो. ते संघटनेचे काम आहे.

कर्मचारी संघ आणि व्यवसाय-संघटना

संघटना म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मोर्चा, निवेदन आणि वेतनश्रेणी येते. कर्मचारी संघ आपल्या सभासदांच्या हिताचे रक्षण करतो आणि ते काम आपल्या जागी योग्यच आहे. व्यवसाय-संघटनेचे प्रयोजन मात्र वेगळे असते. सभासद ज्याची सेवा करतो त्याच्या हिताचे रक्षण हे तिचे पहिले कर्तव्य होय. सभासदाकडे आलेल्या मुलास काय मिळाले, या एकाच प्रश्नावर तिचा कस लागतो. सभासदास काय मिळाले, हा तिच्यापुढील दुसरा प्रश्न.

हे प्रयोजन साधण्यासाठी संघटनेस मुख्यतः चार कामे करावी लागतात.

पहिले काम ज्ञानाच्या देवघेवीचे. प्रवेशाचे नियम दरवर्षी बदलतात, अभ्यासक्रम नवे निघतात, जुने बंद होतात. एका शिक्षकास हे सारे एकट्याने जमवणे अशक्य आहे. दहा जणांनी वाटून घेतले तर ते सहज होते.

दुसरे काम आचारसंहितेचे. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर चघळली गेली, तर ते मूल पुन्हा कोणाजवळ तोंड उघडणार नाही. खेड्यात तर गोष्ट शाळेतून निघते ती सायंकाळपर्यंत पारावर पोहोचते. म्हणून गुप्तता हा या व्यवसायाचा पाया आहे. त्यास अपवादही आहेत आणि ते सर्वांना आधीच माहीत असले पाहिजेत. मुलाच्या स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवास धोका असेल, तर गप्प बसता येत नाही. बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या कायद्यानुसार पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा गुन्हा आहे. कोठे मौन पाळावे आणि कोठे बोलावेच, हे एकट्या माणसास संकटाच्या क्षणी ठरवणे कठीण जाते. ते आधी सर्वांनी मिळून ठरवून ठेवावे लागते. अमेरिकेतील शालेय समुपदेशकांच्या संघटनेने १९८४ साली आपली आचारतत्त्वे स्वीकारली आणि नंतर ती वेळोवेळी सुधारली, ती याचसाठी.

तिसरे काम साधनांच्या पारखीचे. कल चाचणी, बुद्धिमापन चाचणी यांचा आज बराच बोलबाला आहे. चाचणी हे साधन आहे, ते भविष्य नव्हे. शहरातील इंग्रजी माध्यमाच्या मुलांवर बेतलेली चाचणी सीमाभागातील मराठी मुलास जशीच्या तशी दिली, तर ती त्याची बुद्धी मोजण्याऐवजी त्याचे इंग्रजी मोजते. कोणती चाचणी कोणासाठी, तिचे भाषांतर कसे तपासावे आणि निष्कर्ष पालकांना कोणत्या शब्दांत सांगावेत, याचा निवाडा जाणकारांनी एकत्र बसून करावयाचा असतो.

चौथे काम एकाकीपणा दूर करण्याचे. मुलांची दुःखे ऐकणाऱ्या माणसाच्या मनावरही ओझे साठत जाते. शाळेत त्याच्यासारखे काम करणारा दुसरा कोणी नसतो. आपले चुकले का, हे विचारावयास त्याला कोणी तरी हवे असते. नावगाव न सांगता एखादे प्रकरण अनुभवी सहकाऱ्यापुढे मांडता येणे, हा त्याचा मोठा आधार असतो.

नेतृत्व म्हणजे काय?

प्रसिद्धीच्या कामाच्या निमित्ताने प्रस्तुत लेखकाने निरनिराळ्या संघटनांच्या अनेक अधिवेशनांची वृत्ते लिहिली आहेत. व्यासपीठावर कोण होते, दीपप्रज्वलन कोणी केले, शाल-श्रीफळ कोणास दिले, हे सारे त्या वृत्तांत क्रमवार आले. अशाच एका अधिवेशनात भोजनोत्तर सत्रात मागच्या रांगेतील एक शिक्षिका उभी राहिली. तिच्या शाळेतील एका मुलाने शाळा सोडण्यापूर्वी तिला काही सांगण्याचा प्रयत्न केला होता, ते तिला समजले नव्हते, आणि अशा वेळी काय करावयास हवे होते, एवढेच तिला विचारावयाचे होते. वेळ झाला असल्याने तिला खाली बसावयास सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध झालेल्या वृत्तात ती नव्हती, कारण ते वृत्त लिहिताना मलाही ती महत्त्वाची वाटली नव्हती. आज वाटते की त्या अधिवेशनाचे खरे कामकाज तो एकच प्रश्न होता आणि तोच कामकाजातून गळला.

मागच्या रांगेतील माणसाचा प्रश्न पुढे आणणे, हेच अशा संघटनेतील नेतृत्वाचे पहिले लक्षण होय. पदानुसार त्याची रूपे वेगवेगळी असतात. अध्यक्षाने सभेत आपण किती बोललो यापेक्षा किती जणांना बोलते केले, हे पाहावे. कार्यवाहाने प्रत्येक पत्रास उत्तर द्यावे, मग ते कितीही आडगावाहून आलेले असो. कोषाध्यक्षाने वर्गणीच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे न विचारताच ठेवावा. कार्यकारिणीच्या सभासदाने आपल्या वाट्यास आलेल्या चार शाळा वर्षातून निदान दोनदा पायांखाली घालाव्यात. यांतील एकाही कामास हार मिळत नाही. पण यांतील एक जरी काम राहिले, तरी कोठे तरी एखादा शिक्षक एकटा पडतो, आणि त्याच्यामागे एखादे मूल.

नेतृत्वाची दुसरी कसोटी अधिक कठीण आहे. आपल्याच सभासदाविरुद्ध तक्रार आली, तर नेता काय करतो? गुप्तता मोडली, पैसे घेऊन एखाद्या खाजगी शिकवणीकडे मुले वळवली, मुलाशी गैरवर्तन केले, अशी तक्रार आली असता ती झाकणारी संघटना आपले नाव वाचवते आणि आपले प्रयोजन गमावते. दोन्ही बाजू ऐकून, पुरावा पाहून, आवश्यक तेथे सभासदत्व रद्द करणे आणि कायद्याने कळवावयाचे ते कळवणे, यास धैर्य लागते. संघटना परवाना देणारी शासकीय यंत्रणा नाही, हे खरे. परंतु तिच्या नावावर पालक विश्वास ठेवतात, आणि त्या विश्वासाची राखण तिनेच करावयाची असते.

तिसरी कसोटी पद सोडण्याची. एकाच व्यक्तीभोवती फिरणारी संघटना त्या व्यक्तीबरोबर संपते. दोन-तीन वर्षांची मुदत असावी, प्रत्येक पदाधिकाऱ्यासोबत एक नवा सभासद काम शिकत असावा, आणि पद सोडताना कागदपत्रे, हिशेब व अपुरी राहिलेली कामे लेखी स्वरूपात सुपूर्द व्हावीत. ज्याच्या जाण्याने काम अडत नाही, त्याने नेतृत्व चांगले केले असे समजावे.

हुलसूरच्या वाचकांना हा विचार परका वाटू नये. बाराव्या शतकात याच परिसरातील कल्याण नगरीत बसवेश्वरांनी कायक आणि दासोह ही दोन तत्त्वे सांगितली. कायक म्हणजे निष्ठेने केलेले स्वतःचे काम, आणि दासोह म्हणजे त्या कामाचे फळ समाजास नम्रतेने अर्पण करणे. अनुभव मंटपात निरनिराळ्या व्यवसायांची माणसे, स्त्रिया व पुरुष, एकत्र बसून आपापले अनुभव तपासून पाहत असत, आणि अल्लमप्रभू तेथे अध्यक्षस्थानी असत. व्यवसाय-संघटनेचे याहून चांगले चित्र आपल्याला दूर जाऊन शोधावयाचे कारण नाही. काम हे कायक, पद हे दासोह आणि सभा हा अनुभवांचा मंटप, एवढे ध्यानी धरले तरी पुरेसे आहे.

सीमाभागात काय करता येईल?

आता प्रत्यक्षाकडे वळू. हुलसूरसारख्या भागात प्रशिक्षित समुपदेशक शाळोशाळी मिळतील, अशी आज स्थिती नाही. तेथे बहुधा शिक्षकासच ही भूमिका पार पाडावी लागते. आपले नेहमीचे अध्यापन सांभाळून मुलांना व्यवसायविषयक माहिती देणाऱ्या प्रशिक्षित शिक्षकाची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. 'करिअर मास्टर' या नावाने ती ओळखली जात असे. अशा शिक्षकांनी एकत्र यावयास कोणाची वाट पाहण्याचे कारण नाही. कर्नाटक संस्था नोंदणी अधिनियम, १९६० अन्वये सात प्रौढ व्यक्ती एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. सात शाळांतील सात शिक्षक म्हणजे एक संघटना. नोंदणी नंतर होईल, महिन्यातून एक बैठक उद्या सुरू होऊ शकते.

या बैठकीत मराठी, कन्नड व उर्दू या तिन्ही माध्यमांचे शिक्षक असावेत. मुलांच्या अडचणींना माध्यम नसते, आणि एका माध्यमाच्या शिक्षकास ठाऊक असलेली वाट दुसऱ्या माध्यमाच्या मुलाच्या उपयोगी पडते. बैठकीपुढे प्रारंभी तीनच कामे ठेवावीत.

एक, माहितीची वही. सीमाभागातील मुलांस दोन राज्यांचे नियम लागू पडतात, हे या वहीचे मुख्य कारण. संविधानाच्या अनुच्छेद ३७१ (जे) अन्वये कल्याण कर्नाटक विभागातील विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणात राखीव जागांची सवलत आहे. या विभागातील संस्थांत ७० टक्के आणि राज्यातील इतर भागांत ८ टक्के असे तिचे प्रमाण आहे, आणि तिच्यासाठी पात्रता प्रमाणपत्र वेळेवर काढावे लागते. दुसऱ्या बाजूस महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशनियमांत सीमाभागातील मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. लातूरचे नाव ऐकून मुलास अकरावीसाठी तिकडे पाठवताना या दोन्ही सवलतींवर काय परिणाम होईल, हे पालकाने आधी विचारून घेतले पाहिजे. दोन वर्षांनी कळले, तर उपयोग नाही. वहीत प्रत्येक नोंदीपुढे ती कोणत्या तारखेस, कोणत्या शासकीय परिपत्रकावरून घेतली, हे लिहावे आणि दरवर्षी मे महिन्यापूर्वी वही नव्याने तपासावी. ऐकीव गोष्ट वहीत लिहू नये.

दोन, पुढे पाठवण्याची यादी. शिक्षक हा डॉक्टर नव्हे. मुलाची अडचण आपल्या आवाक्याबाहेरची आहे, हे वेळीच ओळखणे ही समुपदेशनातील एक मोठी पायरी आहे. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग, बालकल्याण समिती, बालकांसाठी १०९८ ही मदतवाहिनी, आणि मानसिक आरोग्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली 'टेली-मानस' ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य सेवा, यांची यादी प्रत्येक शाळेत लावलेली असावी. टेली-मानसवर मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत बोलता येते. मुलीचे लग्न अठरा वर्षांपूर्वी ठरत असल्याचे कळले, तर कोणाकडे जावयाचे, तेही या यादीत असावे.

तीन, गुप्ततेचा लेखी नियम. तो एका पानाहून मोठा नसावा, प्रत्येक सभासदाने त्यावर सही करावी, आणि पालकसभेत तो मोठ्याने वाचून दाखवावा. आपल्या मुलाची गोष्ट गावभर होणार नाही अशी खात्री झाली, तरच पालक मुलास बोलू देतील.

पुढे हे काम स्थिरावले की प्रशिक्षणाचा विचार करावा. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचा मार्गदर्शन व समुपदेशनातील पदविका अभ्यासक्रम आहे आणि या परिषदेची एक प्रादेशिक शिक्षणसंस्था म्हैसूर येथे आहे. सात जणांतून दर दोन वर्षांनी एकास प्रशिक्षणासाठी पाठवावयाचे आणि परत आल्यावर त्याने इतर सहा जणांना शिकवावयाचे, असा क्रम ठेवला तर थोड्या वर्षांत तालुक्यास जाणत्या माणसांची एक फळी मिळेल.

अधिकारी, पंचायत व पालक

अशा संघटनेस सर्वांचे साहाय्य लागेल. शिक्षणाधिकाऱ्यांनी महिन्यातील अर्धा दिवस बैठकीसाठी कर्तव्यावरील वेळ मानावा आणि शाळेत एक शांत खोली, निदान एक शांत कोपरा, मिळवून द्यावा. व्हरांड्यात दहा जणांच्या देखत कोणतेही मूल मनातले बोलत नाही. मुख्याध्यापकांनी समुपदेशकाकडे गेलेल्या मुलास 'बिघडलेले' मानू नये आणि इतरांनाही तसे मानू देऊ नये. ग्रामपंचायतीने निकालाच्या सुमारास एक मार्गदर्शन-मेळावा भरवावा. त्यात आय.टी.आय.मध्ये शिकून काम करणारा गावचाच एखादा तरुण, परिचारिका झालेली एखादी मुलगी, सोयाबीन व तूर यांच्या प्रक्रियेचा उद्योग करणारा एखादा शेतकरी, अशांना बोलवावे. मुलांना पाहुण्यांच्या भाषणापेक्षा आपल्यातल्या माणसाचा अनुभव अधिक पटतो.

पालकांनी एवढेच करावे की, मुलास कोठे घालावे हे विचारावयास येताना मुलासही बरोबर आणावे, आणि पाच मिनिटे त्यास बोलू द्यावे.

समारोप

पूर्वी उल्लेखिलेल्या त्या बापाचा प्रश्न आता पुन्हा आठवावा. उद्या तोच बाप शाळेच्या व्हरांड्यात उभा राहील, तेव्हा गुरुजींजवळ तारखेनिशी लिहिलेली वही असेल, अडल्यास विचारावयास सहा सहकारी असतील, आणि ते प्रथम मुलीकडे वळून म्हणतील, "बाळ, तुला काय वाटतं, ते आधी सांग." हा बदल एखाद्या परिपत्रकाने आपोआप होणार नाही. तो संघटनेतील अशा माणसांमुळे होईल, ज्यांनी पद घेतले ते पुढे बसण्यासाठी नव्हे, तर मागच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाचा प्रश्न ऐकण्यासाठी.

हुलसूर व आसपासच्या गावांतील शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी येत्या निकालापूर्वी अशी एक बैठक घ्यावी. सात जण पुरेसे आहेत.